घरी बसण्याची खुर्ची

लिक फोर्क गावात ऑर्लो फेन्सलरइतका निरुपद्रवी माणूस शोधून सापडला नसता. आणि १९५३ सालच्या हिवाळ्यात गावाने बंदी घातली ती नेमकी त्याच्यावर. बंदी कसली, तर कॉलेजच्या जिममध्ये पाऊल टाकायचं नाही!

मेन स्ट्रीटवर त्याचं बुटांचं दुकान होतं. अर्धं आयुष्य तो गावाच्या पायाशी बसला होता. रेव्हरंड बीम यांच्या पायाचं कुरूप, बँकेच्या मॅनेजरच्या मोज्याचं भोक, कोचच्या बायकोच्या पायाचं खरं माप, सगळं त्याला ठाऊक. पण त्यातलं अक्षरही कधी तोंडातून बाहेर पडलं नाही. अशा माणसाला शत्रू कुठून असणार? नाद म्हणाल तर एकच, बास्केटबॉलचा. पण इंडियानात त्याला कुणी नाद म्हणत नाही. ज्याला तो नाही त्याला लोक डॉक्टरकडे पाठवतात.

कॉलेज चर्चचं होतं. तिथे नाच बंद, पत्ते बंद, सिगारेट बंद. देवाला फक्त बास्केटबॉल चालतो अशी विश्वस्तांची खात्री असावी, कारण जिम चर्चपेक्षा मोठी बांधली होती आणि भरतही जास्त होती. संघाचं नाव 'घोडेस्वार'. पूर्वी घोड्यावर बसून गावोगाव प्रवचनं करत हिंडणाऱ्या पाद्रींवरून ते ठेवलेलं. खेळाडूंच्या छातीवर घोडा होता, तो लांबून गाईसारखा दिसे. गाव सगळं दुधाळ जनावरांचं, त्यामुळे कुणी तक्रार केली नाही.

ऑर्लोचा मुलगा ग्लेन या संघात होता. संघात मुलं बारा, आणि ग्लेन बारावा. गेली तीन वर्षं तो प्रत्येक सामन्यात बाकाच्या टोकाला बसायचा, मैदानात गेलेल्यांची जॅकेटं घड्या घालून मांडीवर ठेवायचा, टाळ्या वाजवायचा आणि न भिजलेले कपडे घेऊन घरी यायचा. त्याची आई इर्मा म्हणायची, "याची जर्सी धुवायची म्हणजे साबणाचा अपमान आहे."

दुकानामागच्या गॅरेजवर ऑर्लोने बास्केटचं कडं ठोकून दिलं होतं. ग्लेन सहा वर्षांचा असल्यापासून तिथे बापलेकांचा सराव चाले. ऑर्लोला खेळातलं शिकवण्यासारखं एकच येत होतं. "गुडघे वाकव, ग्लेन!" एवढं तो ओरडायचा. चेंडू कड्यात गेला तरी ओरडायचा, शेजाऱ्याच्या खिडकीवर गेला तरी ओरडायचा.

हे ग्लेनचं कॉलेजचं शेवटचं वर्ष. त्यानंतर तो कुठेतरी शाळेत गणित शिकवायला जाणार होता. ऑर्लोची मागणी फार नव्हती. पोराने एकदा, दोन मिनिटं का होईना, खऱ्या सामन्यात उतरावं आणि आपण ते डोळ्यांनी बघावं, बस्स. कोच हार्गिस काही दुष्ट नव्हता. तो म्हणायचा, "ऑर्लो, आपण भरपूर पुढे असलो ना, की ग्लेनला उतरवतोच." पण घोडेस्वार भरपूर पुढे कधी नसतच. पुढे असणं हाच मुळात दुर्मीळ प्रकार होता.

त्या वर्षीही सुरुवात तशीच झाली. पहिले चार सामने हरले. पाचव्याच्या आदल्या दिवशी ऑर्लोला गालगुंड झालं. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी! दोन्ही गाल सुजून तो भोपळ्यासारखा घरी बसला आणि तिकडे घोडेस्वार एकोणीस गुणांनी जिंकले.

गाल उतरल्यावर तो पुढच्या सामन्याला गेला. हरले. त्याच्या पुढच्या सामन्याच्या दिवशी इर्माच्या मावशीचं दफन होतं दुसऱ्या काउंटीत, म्हणून तो गेला नाही. जिंकले.

झालं. होमर क्रंपच्या सलूनमध्ये याचा निकाल लागला. लिक फोर्कला कोर्ट होतं, पण निवाडे होमरच्या खुर्चीतच व्हायचे. होमरने एका गिऱ्हाइकाच्या गालाला साबण फासला आणि वस्तरा हवेत धरून म्हणाला, "हिशेब साफ आहे. ऑर्लो आत, संघ बाहेर. ऑर्लो बाहेर, संघ आत."

"पण होमर," खुर्चीतलं गिऱ्हाईक साबणातून म्हणालं, "त्या पाचव्या सामन्यापासून वेन्डेल खेळायला लागलाय ना?"

वेन्डेल म्हणजे सहा फूट सात इंचांचं शेतकऱ्याचं पोरगं. मक्याची कापणी उरकून तो पाचव्या सामन्यालाच संघात आला होता. सहाव्याला तो नव्हता, कारण बायबलच्या परीक्षेत त्याने भलत्याच माणसाला, म्हणजे नोहाला, व्हेल माशाच्या पोटात घातलं होतं आणि डीनने त्याला बसवून ठेवलं होतं. सातव्याला फेरपरीक्षा देऊन परत आला.

"वेन्डेलचा काय संबंध?" होमर म्हणाला. "तो नुसता बास्केट टाकतो!"

गिऱ्हाईक गप्प बसलं. गळ्यावर वस्तरा होता.

त्या रविवारी चर्च सुटल्यावर शिष्टमंडळ फेन्सलरांच्या घरी आलं. होमर होता, कोच हार्गिस होता, खुद्द रेव्हरंड बीम होते. येताना त्यांनी, मयताच्या घरी न्यावं तसं, पर्सिमनच्या फळांचं पुडिंग आणलं होतं, त्यामुळे कुणीतरी वारलंय असंच इर्माला वाटलं.

"ऑर्लो," रेव्हरंड म्हणाले, "अंधश्रद्धा हे पाप आहे, हे मी स्वतः व्यासपीठावरून सांगत आलोय."

"हो, रेव्हरंड."

"तेव्हा हे अंधश्रद्धेतलं नाही. ही ईश्वरी योजना आहे. तुझ्या वाट्याला त्यात घरी बसण्याचं काम आलंय."

"हंगामभर?" ऑर्लोने विचारलं.

"अरे, लीग जिंकेपर्यंतच," कोच म्हणाला. नशीब फिरावं म्हणून त्याने महिनाभर पायातले तपकिरी मोजे धुतले नव्हते. बूट त्याने दाराशीच काढले होते आणि इर्माने न बोलता खिडकी उघडली होती. "मला तरी बरं वाटतंय का? पण पोरांच्या डोक्यात बसलंय. वेन्डेल स्वतः म्हणाला, मिस्टर फेन्सलर दिसले की माझे हात थरथरतात."

"वेन्डेलचे हात थरथरतात कारण त्याला बायबल पाठ करायला लावताय," इर्मा म्हणाली.

कुणी तिकडे लक्ष दिलं नाही. पुडिंग वाढलं गेलं.

ऑर्लोने 'नाही' का म्हटलं नाही? इर्माने त्याला रात्रीच्या जेवणाला हेच विचारलं. तो बराच वेळ बटाटे कालवत राहिला. खरी गोष्ट अशी की त्यालाही ते पटलं होतं. तोही याच गावात वाढला होता. लहानपणी त्याच्या बापाने शिकागोचा बेसबॉलचा संघ जिंकावा म्हणून आठवडाभर उलटी टोपी घालून गाईंच्या धारा काढल्या होत्या. आपल्यामुळे पोरं हरतात हे मनात आलं की त्याला घास गिळवेना.

मग संघ सुटलाच. जिंकता जिंकता थांबेना. वेन्डेल कड्याखाली नुसता उभा राहायचा आणि दुसऱ्या संघाची मुलं त्याच्या कोपराशी बोलायची. पंधरा गुणांनी जिंकले, वीस गुणांनी जिंकले. आणि इथेच ऑर्लोचं दुर्दैव बघा. भरपूर पुढे असले की कोच शब्दाला जागायचा. शेवटची दोन-तीन मिनिटं ग्लेन मैदानात उतरू लागला! बाप जिममध्ये होता तेव्हा संघ हरायचा म्हणून पोरगं बाकावर, आणि आता पोरगं मैदानात तर बाप घरी.

रेडिओ होता म्हणाल, तर त्याचंही तसंच. स्थानिक केंद्रावरून सामना लागायचा, पण ठीक नऊ वाजता निवेदक म्हणायचा, "सामन्याचा निकाल आता लागल्यातच जमा आहे," आणि भक्तिगीतं सुरू व्हायची. भक्तिगीतं गावातल्या अंत्यविधीच्या दुकानाने पुरस्कृत केलेली होती. ग्लेन मैदानात उतरायचा तो नऊनंतर. ऑर्लो रेडिओला कान लावून बसायचा. आत ऑर्गन वाजत असायचा, आणि कुठल्याशा दयाळू माणसाकडून माफक दरात शवपेट्या मिळत असायच्या.

"कसं झालं?" ग्लेन आला की तो विचारायचा.

"जिंकलो, बाबा."

"ते नाही रे. तुझं."

"एकदा टाकला. कड्याला लागून बाहेर आला."

"गुडघे वाकवलेस का?"

ग्लेन हसायचा. "आठवण करायला कुणी नव्हतं ना."

ऑर्लो मग उठून तळघरात भट्टीत कोळसा घालायला जायचा. कोळसा आधीच भरपूर असायचा.

गावात मात्र त्याचा मान वाढला. पोस्टात लोक त्याला पुढे जाऊ द्यायचे. 'काय ऑर्लो, शुक्रवारी घरीच ना?' असं डोळे मिचकावून विचारायचे. दुकानात येऊन गरज नसताना बूट घ्यायचे. होमर त्याचे केस फुकट कापू लागला, तेही हळू हात चालवत, न जाणो नशीब केसांत असलं तर! ज्याने संघासाठी काहीही केलं नव्हतं, अशा माणसाचं एवढं कौतुक लिक फोर्कने त्याआधी फक्त विश्वस्तांचं केलं होतं.

फेब्रुवारी संपता संपता शेवटचा सामना आला. लीगचं अजिंक्यपद, तेही घरच्या जिममध्ये, केस्टर टीचर्स कॉलेजविरुद्ध. ऑर्लोवर पहारा ठेवायचा असं सलूनमध्ये ठरलं. पण पहारा करणार कोण? सामना चुकवायला गावात कुणी तयार होईना. शेवटी रेव्हरंडनी तोडगा काढला. फेन्सलर पतिपत्नीला गावाच्या वतीने दूर इव्हान्सव्हिलच्या मोठ्या हॉटेलात स्टेकचं जेवण. होमर स्वतः त्यांना गाडीत बसवायला आला. गाडी वळणापार होईपर्यंत तो रस्त्यात उभा राहून हात हलवत होता.

गाव मागे पडलं. इर्मा गाडी चालवत होती. दोन मैल गेले.

"तुला स्टेक हवाय?" इर्माने विचारलं.

"फुकट आहे," ऑर्लो म्हणाला.

"मी ते नाही विचारलं."

"नको."

"तुला काय हवंय?"

ऑर्लो खिडकीबाहेर बघत राहिला. शेतात नुसते मक्याचे खुंट आणि बर्फ. "मला ग्लेनला बघायचंय," तो म्हणाला. "पण माझ्यामुळे हरले तर? इर्मा, त्याचा शेवटचा सामना आहे. हरले तर तो मला कधी बोलून दाखवणार नाही, पण मला माहीत असेल ना!"

"आज अटीतटीचा सामना आहे. ग्लेनला उतरवतीलच असं नाही."

"मग तो जॅकेटांच्या घड्या घालेल. त्या बघेन."

इर्माने गाडी वळवली. एका पेट्रोल पंपावर केस्टरच्या लोकांची बस उभी होती. तिथे एका बाईकडून तिने आपला हातमोज्यांचा जोड देऊन केस्टरच्या रंगाची हिरवी लोकरीची टोपी घेतली आणि नवऱ्याच्या कानांपर्यंत ओढून बसवली. "पाहुण्यांच्या दाराने जा," ती म्हणाली. "आणि तोंड बंद ठेव."

"तू?"

"मी गाडीत बसते. मी आत आलेय हे कुणाच्या लक्षात आलं, तर पुढच्या वर्षी मलाही स्टेक खायला पाठवतील."

तेव्हा आमचा ऑर्लो जन्मात पहिल्यांदा पाहुण्यांच्या बाजूला बसला. समोर अख्खं लिक फोर्क. होमर पहिल्या रांगेत, रेव्हरंड बँडशेजारी, आणि बाकाच्या टोकाला, मांडीवर जॅकेटांचा ढीग घेतलेला ग्लेन. केस्टरने बास्केट टाकली की आजूबाजूचे लोक उठून नाचत, आणि संशय नको म्हणून ऑर्लोही उठे. शेजारची एक जाडी बाई प्रत्येक वेळी त्याला मिठी मारे. घोडेस्वारांनी टाकली की त्याला दुःखी चेहरा करावा लागे, आणि तो त्याला फार जड जाई.

सामना बरोबरीतच चालला होता. शेवटी शेवटी वेन्डेलचा पाचवा फाउल झाला आणि नियमाप्रमाणे तो बाहेर गेला. मग दुसरा गेला, तोही फाउलवर. तिसऱ्याचा घोटा मुरगळला. फ्लूने आधीच चार मुलं अंथरुणात होती. कोच हार्गिसने बाकाकडे पाहिलं. बाकावर जॅकेटं होती, आणि त्यांच्यामागे ग्लेन.

ऑर्लोने शेजारणीचा हात घट्ट धरला. तिला वाटलं, हा केस्टरसाठी कासावीस झालाय. तिनेही धरला.

काही सेकंद उरलेले, गुण बरोबरीत. घाईघाईत ग्लेनच्या हातात चेंडू आला आणि केस्टरचा एक आडदांड मुलगा त्याच्या अंगावर कोसळला. शिट्टी. दोन फ्री थ्रो, रेषेवरून, बिनअडथळा, प्रत्येकी एका गुणाचे.

ग्लेन रेषेवर उभा राहिला. कडं नेमकं पाहुण्यांच्या बाजूचं होतं, म्हणजे पोराचं तोंड बापाकडे. हिरव्या टोप्यांनी एकच गलका केला. पाय आपटले, बरण्यांची झाकणं वाजवली. ग्लेनने चेंडू दोन्ही हातांत धरून खाली नेला, आणि पाय खांबासारखे ताठ.

ऑर्लोला राहवलं नाही. तो उठला आणि छाती फोडून ओरडला, "गुडघे वाकव, ग्लेन!"

ग्लेन दचकला. चेंडू कड्याला न लागताच खाली पडला.

पलीकडे लिक फोर्क कण्हलं. खरंच होतं तर! होमर म्हणत होता ते अक्षरन् अक्षर खरं होतं. आपणच ती पनवती. शेजारीण पाठीवर थापा मारत म्हणाली, "शाब्बास, काका! पुन्हा ओरडा!" पण तो वळला आणि लोकांचे पाय तुडवत दाराकडे निघाला. एक चेंडू अजून शिल्लक होता. तो तरी पोराला आपल्यावाचून टाकू दे.

दाराशी पोचला तेव्हा गलका विचित्र वाटला. चेंडू टाकल्याचा आवाज येत नव्हता. त्याने मागे पाहिलं. ग्लेन चेंडू कमरेशी धरून उभा होता. कड्याकडे बघत नव्हता, दाराकडे बघत होता. रेफरी हातवारे करत होता, कोच केस उपटत होता, पण ग्लेन हलेना.

ऑर्लो दाराजवळच्या पायरीवर हळूच बसला.

मग ग्लेनने गुडघे वाकवले.

जिंकले. एका गुणाने.

आठवड्याने चर्चच्या तळघरात मेजवानी झाली. हॅम, बीन्स, सात प्रकारच्या गोड पाई. भाषणं झाली. रेव्हरंडनी संघाची तुलना बायबलमधल्या बहुतेक सगळ्यांशी केली. आणि मग चौघांनी उचलून एक खुर्ची आणली. मऊ, तपकिरी, पाय लांब करायची सोय असलेली. पितळी पट्टीवर कोरलं होतं: 'ऑर्लो फेन्सलर यांस, घरी बसल्याबद्दल कृतज्ञ गावाकडून.'

सगळे उभे राहून टाळ्या वाजवू लागले. ऑर्लोही उभा राहिला, कारण त्याला ते सहन होईना.

"मी घरी नव्हतो," तो म्हणाला. "शेवटच्या सामन्याला मी जिममध्ये होतो. हिरव्या टोपीत. ग्लेनला खेळताना बघितलं, आणि आपण जिंकलो. तेव्हा ही खुर्ची वेन्डेलला द्या. त्याचे पाय कुठे मावत नाहीत."

तळघरातल्या टाळ्या थांबल्या. ऑर्लोला वाटलं, आता यांना कळेल. पंचवीस वर्षं यांचे पाय मोजले, आज डोकी ताळ्यावर येतील.

होमर क्रंप हळूच उठला. त्याच्या चेहऱ्यावर प्रकाश पसरत होता.

"एका गुणाने!" तो म्हणाला. "अरे, नुसत्या एका गुणाने का जिंकलो, ते आत्ता कळलं! वेन्डेल बाहेर गेला. दुसरा गेला. तिसऱ्याचा घोटा! मी आठवडाभर विचार करतोय हे झालं कसं!"

"तरीच!" कोच म्हणाला आणि खुर्चीवर मागे रेलला. त्याच्या मनावरचं ओझं उतरलेलं स्पष्ट दिसत होतं. अखेर त्याने मोजे धुतले होते, सामन्याच्या आदल्याच दिवशी, आणि सगळा दोष त्या धुण्याचाच असं तो समजून चालला होता.

"ईश्वर दयाळू आहे," रेव्हरंड म्हणाले. "त्याने एक गुण ठेवला. ऑर्लो, आम्ही तुला क्षमा करतो. पण पुढच्या वर्षी मात्र..."

"पुढच्या वर्षी मी घरीच," ऑर्लो म्हणाला. "शब्द देतो."

इतक्या पटकन तो कबूल होईल असं कुणाला वाटलं नव्हतं. इर्मा फक्त हसली. पुढच्या वर्षी ग्लेन बाकावर नसणार हे तिला ठाऊक होतं. गावाच्या ते लक्षातही आलं नाही. टाळ्या पुन्हा सुरू झाल्या, आधीपेक्षा जोरात.

मेजवानी संपल्यावर बापलेकांनी खुर्ची उचलून उसन्या ट्रकच्या मागे चढवली. वाटेत ती पडू नये म्हणून दोघेही मागेच बसले, ऑर्लो खुर्चीत आणि ग्लेन खुर्चीच्या हातावर. इर्मा ट्रक चालवत होती.

"पहिला माझ्यामुळेच चुकला," ऑर्लो म्हणाला. "होमर अगदीच खोटं बोलत नाही."

"हो. तुमच्यामुळेच चुकला," ग्लेन म्हणाला. "एवढ्या जोरात कुणी ओरडतं का, बाबा?"

"म्हणून तर निघालो होतो. मग तू टाकत का नव्हतास? वेळ संपला असता म्हणजे? रेफरीने चेंडू काढून घेतला असता!"

ग्लेनने जॅकेटची कॉलर वर केली.

"चार वर्षं तुम्ही मला बसलेला बघितलंत," तो म्हणाला. "तुमच्यासमोर एकदा टाकायला मिळाला, आणि तुम्ही पाठ फिरवून चालला होतात. मग टाकायचा कुणासाठी?"

ऑर्लोने डोक्यावरची टोपी डोळ्यांपर्यंत ओढली. ती अजून तीच होती, केस्टरची, हिरवी.